सातचा पाढा आणि एकटा ७७

वाचकांचे प्रश्न : संगणक

जानेवारी उजाडला की मला येणाऱ्या पत्रांत ‘सिनॉप्सिस’, म्हणजे प्रोजेक्टचा आराखडा, हा शब्द दिसायला लागतो. या वेळी चार पत्रं एकाच विषयावरची, म्हणजे सिंटॅक्स चेकरवरची (प्रोग्रामचं व्याकरण तपासणारा प्रोग्राम) आहेत, म्हणून बाकीची पुढच्या अंकाला ठेवून ही चारच घेते. कोड छापताना अक्षरं देवनागरीत घेतली आहेत. करणाऱ्यांनी ती आपापल्या कीबोर्डावर आणावीत.

प्रश्न : मॅडम, आम्ही चौघं डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहोत. ‘सी भाषेसाठी सिंटॅक्स चेकर’ हा प्रोजेक्ट घेतलाय आणि सिनॉप्सिसमध्ये संपूर्ण सी भाषा तपासू असं लिहून बसलोय. आमचा प्रोग्राम फाईल ओळीओळीने वाचतो, कंस मोजतो आणि ओळीच्या शेवटी अर्धविराम आहे का ते बघतो. पण बरोबर प्रोग्रामलाही तो चुका दाखवतो. फॉरसाठी, इफसाठी, इन्क्लूडसाठी अपवाद टाकत गेलो, ते आता चाळीस झालेत. एक दुरुस्त केला की दुसरा बिघडतो. गाईड सर म्हणतात, आतून जीसीसी (सीचा प्रोग्राम मशीनच्या भाषेत आणणारा तयार कंपायलर) चालवा आणि त्याचंच आउटपुट दाखवा. दीड महिना उरलाय. काय करावं?
— चार विद्यार्थी, इचलकरंजी

उत्तर : पोरांनो, तुम्ही ज्या खड्ड्यात आहात त्यात मी १९९६ साली पडले होते. आधी ते ऐका.

आमच्या लॅबमध्ये पडद्यावर टर्बो सी या कंपायलरची निळी खिडकी आणि एकेका मशीनवर दोन-दोन मुलं. दर पाच मिनिटांनी हाक यायची, ‘मॅडम, पंचवीस एरर!’ पंचवीसच का, तर तेवढ्या चुका झाल्या की टर्बो सी हात टेकायचा. खरी चूक बहुतेक वेळा एकच असायची, कुठेतरी गाळलेला अर्धविराम. मग मी हुशारी केली. एका रविवारी लॅब उघडून घेतली आणि ओळीच्या शेवटी अर्धविराम नसेल तर त्या ओळीचा क्रमांक छापणारा प्रोग्राम लिहिला. मुलांना सांगून टाकलं, आधी फाईल यातून काढा, मगच मला हाक मारा.

प्रॅक्टिकल परीक्षेत एका मुलीला सातचा पाढा छापायला आला. तिने लिहिलेला प्रोग्राम बरोबर होता. पण सवयीने तिने माझा चेकर चालवला, त्याने फॉरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि पोरीने निमूटपणे तिथे अर्धविराम देऊन टाकला :

फॉर (आय = १; आय <= १०; आय++);
प्रिंटएफ("%डी", ७ * आय);

टर्बो सीने हूं की चूं केलं नाही, कारण व्याकरणात चूक नव्हतीच. सीमध्ये नुसता अर्धविराम म्हणजे ‘काही करू नकोस’ असं एक पूर्ण विधान. मशीनने दहा वेळा काहीही केलं नाही, तोवर आय ११ झाला, आणि मग खालची ओळ एकदाच चालली. पडद्यावर एकटा ७७. तिचे मार्क गेले ते माझ्यामुळे, आणि मला ते परीक्षक निघून गेल्यावर कळलं.

तेव्हा तुमचे चाळीस अपवाद कमी पडतायत असं समजून एक्केचाळिसावा टाकू नका. तुम्ही ज्या मापाने मोजताय तेच चुकलंय. हॅशने सुरू होणाऱ्या ओळी आणि दोन तिरप्या रेघांची टिपणी सोडली, तर सीला ओळ ही गोष्ट ठाऊकच नाही. सगळा प्रोग्राम एका ओळीत लिहिला तरी त्याला चालतो, आणि एक विधान सात ओळींत पसरलं तरी चालतं. कंसांचंही तसंच. ही ओळ तुमच्या चेकरला देऊन बघा :

प्रिंटएफ("शाब्बास :)");

उघडणारा कंस एक, मिटणारे दोन. तुमचा चेकर बोंब मारणार, आणि चूक कोणाची तर हसऱ्या चेहऱ्याची. उलट बाजूने ( [ ) ] हे त्याला दिलंत तर मोजणी बरोबर येते आणि तो खुशाल पास करतो.

शाळेत मराठीच्या तासाला दोन वेगळे प्रश्न असायचे, आठवतात का? एक, ‘अधोरेखित शब्दाचे व्याकरण चालवा’. दुसरा, ‘वाक्यपृथक्करण करा’. पहिल्यात फक्त शब्दाची जात सांगायची, नाम, सर्वनाम, क्रियापद. दुसऱ्यात त्या जाती वाक्यात कुठे बसल्यात ते. तुमचा चेकर याच दोन टप्प्यांत लिहायचा. पुस्तकात पहिल्याला लेक्सर म्हणतात, दुसऱ्याला पार्सर.

पहिला टप्पा फाईल अक्षर-अक्षर वाचतो आणि तुकडे पाडतो : हा शब्द राखीव आहे, हे नाव, ही संख्या, हे चिन्ह. प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर ओळ क्रमांक चिकटवायचा. अवतरणचिन्ह उघडलं की ते मिटेपर्यंत जे येईल तो सगळा एकच तुकडा, म्हणजे हसरा चेहरा आत सुरक्षित. (अवतरणात उलटी तिरपी रेघ आली तर पुढचं अक्षर डोळे मिटून घ्यायचं, हे विसराल. सगळे विसरतात.) टिपण्या इथेच गाळून टाका. टिपणी मिटायच्या आत फाईल संपली तर ती सुरू कुठे झाली ते सांगा. ती संपली कुठे, हे कोणाच्याच कामाचं नसतं.

दुसऱ्या टप्प्याला हात लावण्याआधी सिनॉप्सिस बदलून घ्या. संपूर्ण सी दीड महिन्यात होत नाही, आणि चौघांच्या पहिल्या प्रयत्नात तर नाहीच. गाईडकडे जा आणि ‘सी भाषेचा निवडक भाग’ असं करून आणा. चलांची घोषणा, नेमणूक, इफ-एल्स, व्हाईल, फॉर, महिरपी कंसातला गट आणि प्रिंटएफ. पॉइंटर नाहीत, स्ट्रक्चर नाहीत. गाईड कुरकुरतील, पण त्यांनाही मार्चमध्ये चालणारी वस्तू हवी असते.

मग संगणक बंद करून एका फुलस्केप कागदावर त्या भागाचं व्याकरण लिहा. सगळ्यात गंमत पदावलीत आहे. पाचवी-सहावीच्या गणितातले शब्द इथे जसेच्या तसे चालतात :

पदावली : पद, त्यापुढे + किंवा - आणि पुन्हा पद, असं कितीही वेळा
पद : अवयव, त्यापुढे * किंवा / आणि पुन्हा अवयव, असं कितीही वेळा
अवयव : संख्या, किंवा नाव, किंवा ( पदावली )

तिसऱ्या ओळीत पदावली परत आली, ते नीट बघा. कंसात कंस, त्यात आणखी कंस, कितीही खोल गेलात तरी हीच तीन वाक्यं पुरतात. आणि ‘कंचेभागुबेव’ वेगळं शिकवावंच लागत नाही : गुणाकार पदाच्या पोटात आहे आणि बेरीज पदांच्या बाहेर, म्हणून गुणाकार आपोआप आधी होतो. आता प्रत्येक ओळीचं एक फंक्शन करा. पदावलीचं फंक्शन पदाला हाक मारतं, पद अवयवाला, आणि अवयवाला कंस दिसला की तो पुन्हा पदावलीला. तपासायला वेगळा स्टॅकसुद्धा (एकावर एक रचलेली यादी) लागत नाही, एकमेकांना मारलेल्या हाकांचाच स्टॅक होतो. फक्त ‘पदावली म्हणजे पदावली + पद’ असं उलटं लिहू नका. ते फंक्शन एकही तुकडा न खाता स्वतःलाच हाक मारत बसतं. पायथन भाषेत हजार हाकांच्या आसपास ते थांबतं आणि चिडून सांगतं, सीमध्ये नुसतंच कोसळतं.

हे असं नियमांनी भाषा मांडण्याची पद्धत जॉन बॅकस यांनी १९५९ साली मांडली आणि पीटर नाउर यांनी अल्गॉल ६० या भाषेच्या अहवालात वापरली, म्हणून तिचं नाव बॅकस-नाउर. १९६७ साली इंगरमन नावाच्या गृहस्थांनी एसीएम या संगणक संघटनेच्या मासिकाला पत्र लिहून सुचवलं होतं की पाणिनीने असंच काम फार पूर्वी केलंय, तर तिला पाणिनी-बॅकस म्हणा. हे प्रेझेंटेशनच्या एका स्लाईडवर जरूर घाला. पाणिनीला कंपायलर येत होता असं मात्र लिहू नका, दरवर्षी कोणीतरी लिहितंच.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तो निरोप. चूक सापडल्यावर मुलाला काय सांगायचं? टर्बो सीची मुलं आणखी एका गोष्टीने गोंधळायची. अर्धविराम पाचव्या ओळीवर गाळलेला, आणि ठळक झालेली ओळ सहावी. सहावीत काही चूक सापडेना. यात मशीनचा खोटेपणा नव्हता. पाचवी ओळ संपली तेव्हा त्याला वाटलं वाक्य अजून चालू आहे. सहाव्या ओळीचा पहिला शब्द आला तेव्हाच कळलं की इथे बसणारा तुकडा हा नव्हे. तुमच्याकडे प्रत्येक तुकड्याचा ओळ क्रमांक आहे, मग मागच्या तुकड्याचाही सांगा : ‘ओळ ५ : ‘१०’ च्या पुढे अर्धविराम हवा होता, ओळ ६ वर ‘प्रिंटएफ’ सापडलं.’ कंसाचंही असंच, मिटणारा सापडला नाही तर उघडणारा कुठे होता ते सांगा. इतकी साधी गोष्ट, पण पायथनलासुद्धा ‘हा कंस मिटलाच नाही’ असं सरळ सांगायला २०२१ ची ३.१० आवृत्ती उजाडावी लागली. त्याआधी तो पुढच्याच ओळीवर बोट ठेवून ‘इनव्हॅलिड सिंटॅक्स’ म्हणून मोकळा व्हायचा.

आणि पहिली चूक सापडली की थांबा. पंचवीसचा मोह नको. एक चूक झाल्यावर पुढे जायचं तर अर्धविराम किंवा मिटणारा महिरपी कंस येईपर्यंत तुकडे फेकत जावं लागतं. या पद्धतीला पुस्तकात ‘पॅनिक मोड’ म्हणतात, आणि नाव अगदी योग्य आहे. ते नीट जमलं नाही तर एका चुकीतून खोट्या वीस जन्माला येतात. टर्बो पास्कल पहिल्या चुकीला थांबायचा, कर्सर तिथे नेऊन ठेवायचा आणि गप्प बसायचा. माझा जीव त्याच्यावरच जास्त होता.

जीसीसीचं म्हणाल तर सरांचं अर्धं बरोबर आहे. जीसीसीला ‘एफ-सिंटॅक्स-ओन्ली’ हा पर्याय दिला की तो प्रोग्राम न बनवता नुसता तपासतो. तेवढंच गुंडाळून दाखवलंत तर एक्सटर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, विचारतील, यात तुमचं काय? पण पंच म्हणून तो उत्तम. दोन फोल्डर करा, ‘बरोबर’ आणि ‘चूक’. चूक फोल्डरसाठी स्वतः चुका बनवू नका. पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला जाऊन मागे बसा आणि मुलांच्या खऱ्या फायली मागून घ्या; तुमच्या डोक्यात येणार नाहीत अशा चुका तिथे मिळतील. वर्डमधून चिकटवलेली वाकडी अवतरणचिन्हं तर ढिगाने. त्यांच्यासाठी ‘हे अवतरणचिन्ह वर्डमधून आलंय, पुन्हा टाईप करा’ असा एक निरोप ठेवलात तर पहिल्या वर्षाची मुलं दुवा देतील. मग दोन्ही फोल्डर तुमच्या चेकरला द्या, जीसीसीलाही द्या, आणि कुठे फरक पडतो ते बघा. फक्त घोषित न केलेलं चलसुद्धा जीसीसी त्याच पर्यायात पकडतो. तो व्याकरणाचा भाग नव्हे, तिथे हरलात तर वाईट वाटून घेऊ नका.

प्रश्न : माझा मुलगा नाशिकला संगणक शाखेत आहे. चार महिने झाले, विचारलं की म्हणतो ‘कंस जुळवतोय’. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रोजेक्ट सीडीसकट मिळतो म्हणे, ब्लॅक बुकही (प्रोजेक्टचा अहवाल) बांधून देतात. बाकीच्या मुलांनी तेच केलं. आम्ही उगाच वेळ घालवतोय का?
— एक वडील, सटाणा

उत्तर : ब्लॅक बुक दुकानातून बांधून घ्या, सोनेरी अक्षरं ते छान उठवतात. आतला प्रोग्राम मुलाचाच राहू दे.

तुम्ही मोबाईलवर मराठी लिहिताना चुकलेल्या शब्दाखाली लाल नागमोडी रेघ येते ना? प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या खिडकीतही तशीच रेघ येते. ती कोणीतरी कंस जुळवत बसल्याशिवाय आलेली नाही. नोकरीचं वचन मी देऊ शकत नाही, ते कोणीच देऊ नये. पण मी अनेक वर्षं एक्सटर्नल म्हणून बसले आहे, आणि दुकानातला प्रोजेक्ट ओळखायला मला एकच वाक्य पुरायचं : ‘यातला एक कंस खोड आणि आता काय होईल ते चालवायच्या आधी सांग.’

चार महिने मात्र जरा जास्त झाले. त्याला वरचं इचलकरंजीचं उत्तर वाचायला द्या. तोही ओळीच मोजत बसला असण्याची शक्यता आहे.

प्रश्न : मॅम, मी सिंटॅक्स चेकरसाठी स्वतःची छोटी मराठी भाषा बनवतेय, शाळेतल्या मुलांसाठी. ‘जर’, ‘नाहीतर’, ‘तोवर’, ‘दाखव’ असे शब्द आहेत. पायथनमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर शोधायचा साचा) वापरून शब्द वेगळे करते. ‘दर’, ‘नफा’ अशा नावांपैकी ‘दर’ चालतं, पण ‘नफा’ आणि ‘किंमत’ चालत नाहीत, ‘अनोळखी चिन्ह’ अशी चूक येते. फॉन्टचा प्रॉब्लेम आहे का?
— तृतीय वर्ष, जळगाव

उत्तर : फॉन्ट बिचारा निर्दोष आहे. तुझं पत्र वाचून मी लगेच लॅपटॉप उघडला, कारण चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या नावांतच उत्तर आहे. ‘दर’मध्ये काना-मात्रा नाही. ‘नफा’त काना आहे.

तू शब्दासाठी ‘उलटी तिरपी रेघ, डब्ल्यू, अधिक’ हा साचा वापरतेस, बरोबर? पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये त्याचा अर्थ अक्षर, अंक किंवा अधोरेघ. आपल्या मात्रा, अनुस्वार, हलन्त यांना तो अक्षर मानत नाही. ‘किंमत’ संगणकाच्या लेखी पाच चिन्हांचा शब्द आहे : क, वेलांटी, अनुस्वार, म, त. तुझ्या साच्यातून त्याचे ‘क’ आणि ‘मत’ असे दोन तुकडे पडतात आणि मधली वेलांटी आणि अनुस्वार रस्त्यावर येतात. तेच तुझं अनोळखी चिन्ह. गंमत अशी की खुद्द पायथन भाषा ‘किंमत’ हे चलाचं नाव म्हणून आनंदाने घेते, २००८ च्या ३.० आवृत्तीपासून. म्हणजे एकाच घरात दोन भावांचे दोन नियम.

उपाय सोपा आहे. साचा सोडून दे. अक्षर-अक्षर पुढे जा आणि आतापर्यंतच्या शब्दाला पुढचं चिन्ह जोडून पायथनच्या ‘इजआयडेंटिफायर’ला विचार, हे नाव म्हणून चालेल का? होय म्हणेल तोवर जोडत राहा. ‘क’, ‘कि’, ‘किं’, ‘किंम’, ‘किंमत’, सगळ्यांना तो होय म्हणतो.

त्यापुढचा खड्डा आत्ताच सांगून ठेवते, कारण तो दिसत नाही. ‘वाऱ्याचा’ मधला अर्धा र मुलं दोन तऱ्हांनी टाईप करतात. काही कीबोर्डांवर तो नुक्त्याच्या ऱ ने येतो, काहींवर साधा र, हलन्त आणि मग झेडडब्ल्यूजे नावाचं एक अदृश्य चिन्ह. पडद्यावर दोन्ही डिट्टो सारखे. ‘इजआयडेंटिफायर’ पहिल्याला हो म्हणतो, दुसऱ्याला नाही. सहावीतला मुलगा ‘वाऱ्याचा_वेग’ लिहील आणि तुझा चेकर त्याला चूक म्हणेल, आणि तो कितीही डोळे फाडून बघो, त्याला ती चूक दिसणार नाही. मी असते तर तुकडे पाडायच्या आधीच संपूर्ण मजकुरात र-हलन्त-झेडडब्ल्यूजे या तिकडीच्या जागी ऱ-हलन्त ठेवून दिलं असतं.

अंकांचं ठरव. मुलं १२ लिहितील आणि इंग्रजी अंकही लिहितील. पायथनच्या प्रोग्राममध्ये देवनागरी १२ ही संख्या म्हणून चालत नाही, पण मजकूर म्हणून दिली तर ‘इंट’ तिचे बारा करून देतो. तुझी भाषा तुझी आहे, दोन्ही चालू दे. तपासताना मात्र ‘इजडिजिट’ वापरू नकोस, ‘इजडेसिमल’ वापर. पहिला वर्गाच्या छोट्या दोनालाही (²) अंक म्हणतो, आणि तो ‘इंट’कडे गेला की प्रोग्राम कोसळतो.

चुकीच्या जागेखाली बाणाचं चिन्ह दाखवायचा विचार असेल तर सोडून दे. पाच चिन्हांचा ‘किंमत’ पडद्यावर तीन अक्षरांची जागा घेतो, बाण भलत्याच अक्षराखाली जातो. त्याऐवजी चुकलेला शब्दच निरोपात अवतरणात लिही.

आणि ‘जर’च्या आत ‘जर’ आल्यावर ‘नाहीतर’ कोणाचं, हा प्रश्न एक्सटर्नल विचारणारच, तो अल्गॉल ६० पासून विचारला जातोय. सीमध्ये ते सर्वांत जवळच्या इफचं असतं. तू मुलांसाठी भाषा बनवतेस, तर गो भाषेसारखे महिरपी कंस सक्तीचे कर. वाद राहतच नाही. कंसांऐवजी ‘संपलं’ असा शब्द ठेवलास तर मला जास्त आवडेल, पण ती माझी आवड.

प्रश्न : मी तंत्रनिकेतनात अधिव्याख्याता आहे. यंदा तीन गटांनी सिंटॅक्स चेकर घेतलाय. एआयला विचारून चांगला कोड आणतात, चालवूनही दाखवतात. त्यांना किती समजलंय हे व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, दहा मिनिटांत कसं ओळखायचं?
— एक शिक्षक, नांदेड

उत्तर : सर, कोडकडे बघूच नका, तो कोणाकडून आला याचा शोध घेण्यात दहा मिनिटं जातात. व्याकरणाचा कागद मागा. हाताने लिहिलेला, खाडाखोड असलेला. तो नसेल तर तिथेच एक नवीन विधान जोडायला सांगा, ‘डू-व्हाईल’ म्हणा. आधी कागदावर, मग कोणत्या फंक्शनमध्ये काय बदलेल ते तोंडी. ज्याने स्वतः केलंय तो पेन घेतो. ज्याने नाही केलं तो लॅपटॉपकडे वळतो.

मग विचारा, तुमचा चेकर काय पकडत नाही? या प्रश्नावर बहुतेक मुलं गप्प होतात, कारण त्यांना वाटतं आपण उणीव कबूल करतोय. त्यांना ॲपलचं २०१४ सालचं उदाहरण द्या. आयफोनच्या सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ एकाखाली एक दोनदा पडली होती. इफला महिरपी कंस नव्हते, म्हणून पहिली ओळ इफची झाली आणि दुसरी कोणाचीच नाही. ती दर वेळी चालायची आणि पुढची सहीची तपासणी ओलांडून जायची. व्याकरण शुद्ध होतं, कुठलाही सिंटॅक्स चेकर त्याला पास करेल. हे ऐकून ज्या मुलाचे डोळे चमकतील त्याला पुढे विचारा की हे पकडायला कोणता नियम लागेल. तो गटातला खरा कामाचा माणूस.

परीक्षेच्या दिवशी एक फाईल मात्र तुमच्याकडे तयार असू द्या, सातच्या पाढ्याची, फॉरच्या पुढे अर्धविराम असलेली. ती त्यांना द्या आणि विचारा, ‘बरोबर’ फोल्डरमध्ये टाकाल की ‘चूक’ फोल्डरमध्ये? इचलकरंजीच्या चौघांनो, तुम्हीही वाचताय. ती ‘बरोबर’मध्ये जाते.